साथीच्या काळात मुलांसह प्रवास: क्वारंटाईन आणि शाळेची हजेरी यांचा मेळ कसा घालायचा

साथीच्या काळात कुटुंबाचा प्रवास आखताना बहुतेकजण जाण्याच्या तारखेपासून सुरुवात करतात. मुलं शाळेत जाणारी असतील तर सुरुवात शाळेच्या पहिल्या दिवसापासून करावी आणि तिथून मागे मोजत यावं. जाताना अडचण आली तर सहल आखडते. परतताना आली तर शाळा बुडते, परीक्षा हुकते, आणि घाईघाईत क्वारंटाईन अर्धवट सोडून मुलाला वर्गात पाठवायचा मोह होतो. तसं झालं तर त्रास एका घरापुरता राहत नाही.

हा लेख पहिल्यांदाच असा प्रवास आखणाऱ्यांसाठी आहे. त्यातली बरीच उदाहरणं कोविडच्या २०२० ते २०२२ या काळातली आहेत, कारण इतक्या देशांनी इतक्या वेगवेगळ्या तऱ्हेचे नियम एकाच वेळी लावल्याचं त्याआधी दिसलं नव्हतं. पुढची साथ वेगळी असेल, पण तारखा मोजायची रीत हीच राहील.

पहिली पायरी: नियम कोणाकोणाचे, ते लिहून काढा

एका प्रवासाला किमान चार ठिकाणचे नियम लागतात: जिथे जाताय तिथले, वाटेत जिथे विमान बदलताय तिथले, परतल्यावर आपल्या देशाचे किंवा राज्याचे, आणि शाळेचे. एका कागदावर चार रकाने पाडा. प्रत्येकात क्वारंटाईनचे दिवस, चाचणी, लस आणि वयाची सूट एवढ्या चार गोष्टी भरा, आणि माहिती कोणत्या तारखेला पाहिली तेही लिहा.

या चारांत जो नियम सर्वांत कडक, तोच तुमचा नियम. सरकार परतल्यावर ७ दिवस म्हणतं आणि शाळा १४ म्हणते, तर मोठ्यांनी ७ धरावेत आणि मुलांसाठी १४. शाळा सरकारपेक्षा जास्त दिवस मागणार नाही असं गृहीत धरू नका. वर्गात आजारी किंवा लस न घेता येणारी मुलं असतील तर शाळा हमखास जास्त सावध असते, आणि ते योग्यच आहे.

माहिती आरोग्य खात्याच्या आणि दूतावासाच्या अधिकृत पानावरूनच घ्या. विमानतळावर चेक-इनचे कर्मचारी बहुधा 'टिमॅटिक' या नियमांच्या संगणकीय यादीत पाहून तुम्हाला विमानात बसू द्यायचं की नाही ते ठरवतात. बऱ्याच विमान कंपन्या ही यादी प्रवाशांनाही त्यांच्या संकेतस्थळावर पाहू देतात. तिकीट काढताना ती पाहा. मग निघण्याच्या १४ दिवस आधी, ७ दिवस आधी, ७२ तास आधी आणि शेवटी घरातून निघताना पुन्हा पाहा.

दिवसांचे आकडे कुठून येतात हे कळलं की नियम बदलला तरी गोंधळ होत नाही. संसर्ग झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत जो जास्तीत जास्त काळ जाऊ शकतो, त्यावरून क्वारंटाईनची मुदत ठरते. पीतज्वराला ६ दिवस, कोविडला सुरुवातीला १४, इबोलाला २१. साथीची माहिती वाढत गेली की मुदत कमी होते: डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने कोविडसाठी चाचणीशिवाय १० दिवस, किंवा पाचव्या दिवशी अथवा नंतर केलेली चाचणी निगेटिव्ह आल्यास ७ दिवस, असे पर्याय दिले. म्हणून साथ नवी असेल तर लांबचीच मुदत धरून आखणी करा.

आणखी एक फरक पक्का ठेवा. क्वारंटाईन म्हणजे संसर्ग झाला असण्याची शक्यता आहे म्हणून वेगळं राहणं. आयसोलेशन म्हणजे संसर्ग झालाच आहे म्हणून वेगळं राहणं. दोन्हींचे दिवस वेगळे मोजतात, आणि शाळेच्या हजेरीपटातही दोन्हींची नोंद बहुधा वेगळी होते.

दुसरी पायरी: उलटं मोजा

समजा शाळा सोमवारी १४ तारखेला सुरू होते आणि परतल्यावर ७ दिवस क्वारंटाईन आहे. बऱ्याच नियमांत पोहोचल्याचा दिवस हा शून्यावा दिवस असतो, दुसऱ्या दिवसापासून एक मोजतात, आणि मुदत सातव्या दिवसाच्या मध्यरात्री संपते.

रविवारी ६ तारखेला दुपारी उतरलात, तर सातवा दिवस रविवार १३. सोमवारी शाळेत जाता येईल, पण हाताशी एक दिवसही उरत नाही. आता तेच विमान रविवारी रात्री उशिराचं असेल आणि मध्यरात्रीनंतर साडेबाराला उतरत असेल, तर तारीख सोमवार ७ लागते. सातवा दिवस सोमवार १४, आणि शाळेचा पहिलाच दिवस बुडाला. तिकिटावर रविवार छापलेला असल्यामुळे ही चूक घरी बसून लक्षातच येत नाही. त्यामुळे निघण्याची नव्हे, उतरण्याची तारीख आणि वेळ पाहून मोजा, तीही उतरण्याच्या ठिकाणच्या घड्याळाने.

काही ठिकाणी पोहोचल्याचा दिवसच पहिला दिवस धरतात, तर काही ठिकाणी तासांवर मोजतात. नियमात नेमकं काय लिहिलंय ते वाचा. स्पष्ट नसेल तर शून्यावा दिवस धरून चाला, म्हणजे झाली तर एका दिवसाची बचतच होईल.

याशिवाय किमान ३ दिवसांची सवड ठेवा. विमान एक दिवस लांबणं, चाचणीचा रिपोर्ट उशिरा येणं, आणि लहान मुलाला साधी सर्दी झाली तरी लक्षणं आहेत म्हणून पुन्हा चाचणी करावी लागणं, या तीन गोष्टी हमखास घडतात. वरच्या उदाहरणात ३ दिवसांची सवड हवी असेल तर गुरुवारी ३ तारखेपर्यंत उतरायला हवं. मुदत गुरुवारी १० ला संपते आणि शुक्रवार, शनिवार, रविवार हाताशी राहतात.

आता पूर्ण सुट्टीचा हिशेब करा. ३० दिवसांची सुट्टी, जाताना ७ दिवस क्वारंटाईन, परतल्यावर ७, सवडीचे ३, येण्याजाण्याचे २. उरले ११ दिवस. दोन्ही बाजूंना १४-१४ दिवस असतील तर बेरीज ३३ होते, म्हणजे तो प्रवास त्या सुट्टीत बसतच नाही. हा हिशेब तिकिटाचे पैसे भरण्याआधी करायचा.

शाळा थोडी बुडणारच असेल तर बुडणारे शाळेचे दिवस मोजा, कॅलेंडरचे नव्हे. शुक्रवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी संपणाऱ्या १० दिवसांत, आठवड्याला पाच दिवस शाळा असेल तर, शाळेचे दिवस फक्त ६ असतात. सणांच्या सुट्ट्या मध्ये येत असतील तर अजून कमी. परतीची तारीख दोन दिवस पुढेमागे सरकवून हा आकडा बराच खाली आणता येतो.

तिसरी पायरी: तिकीट आणि मार्ग

थेट विमान महाग असलं तरी मुलांसोबत तेच घ्यावं, हे ठाम मत आहे. नियम फक्त तुम्ही कुठून निघालात एवढंच पाहत नाहीत, तर गेल्या १४ दिवसांत कुठे कुठे होतात हे पाहतात. वाटेतला देश जोखमीच्या यादीत गेला की विमानतळावरचे तुमचे तीन तासही काही ठिकाणी मोजले जातात. दोन वेगळ्या तिकिटांवर प्रवास असेल तर सामान घेण्यासाठी त्या देशात 'प्रवेश' करावा लागतो, आणि मग तिथली चाचणी व क्वारंटाईनही लागू होऊ शकतं. विमान बदलणं टळत नसेल तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या.

तारीख बदलण्याची सोय कितपत आहे ते विचारा. 'बदल मोफत' असं लिहिलेलं असलं तरी नव्या तारखेच्या भाड्यातला फरक भरावा लागतो.

नियम किती वेगाने बदलतात ते लक्षात असू द्या. ब्रिटनने २५ जुलै २०२० ला संध्याकाळी स्पेनहून येणाऱ्यांसाठी क्वारंटाईन जाहीर केलं आणि ते त्याच मध्यरात्रीपासून लागू झालं. फ्रान्ससाठी १३ ऑगस्टला रात्री जाहीर झालं आणि १५ ऑगस्टला पहाटे ४ वाजता लागू झालं. हिशेब पोहोचण्याच्या वेळेवर होता, त्यामुळे तिथे सुट्टीवर असलेल्या लाखो लोकांपुढे दोनच पर्याय राहिले: रातोरात परता, नाहीतर शाळा सुरू होण्याच्या तोंडावर १४ दिवस घरात बसा. नोव्हेंबर २०२१ मध्ये ओमायक्रॉनची माहिती जाहीर झाल्यावर दोनेक दिवसांतच अनेक देशांनी दक्षिण आफ्रिकेच्या आसपासच्या देशांतून येणारी विमानं थांबवली. म्हणून शाळा सुरू होण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात परतीचं तिकीट ठेवू नका.

काही देशांत फक्त तिकीट पुरत नाही. न्यूझीलंडमध्ये सरकारी क्वारंटाईन हॉटेलातली खोली आधी मिळवावी लागे आणि तिची पावती असल्याशिवाय विमानात बसता येत नसे. अशी पद्धत असेल तर आधी खोली, मग तिकीट.

विमा घेताना एकच प्रश्न नीट विचारा: कोणी पॉझिटिव्ह निघालं नाही, पण नियमामुळे अडकून राहावं लागलं, तर हॉटेलचा खर्च मिळेल का? बऱ्याच पॉलिसी आजाराचा खर्च देतात, अडकण्याचा देत नाहीत. साथ आधीच जाहीर झालेली असेल किंवा सरकारने तिथे जाऊ नका असा सल्ला दिलेला असेल, तर पुष्कळदा संरक्षणच लागू होत नाही. उत्तर ईमेलवर लेखी घ्या.

चौथी पायरी: चाचणीची वेळ

'७२ तासांच्या आतली आरटी-पीसीआर' असं लिहिलेलं असतं तेव्हा तास स्वॅब घेतल्यापासून मोजायचे, रिपोर्ट हातात आल्यापासून नव्हे. कुठपर्यंत मोजायचे हे मात्र ठिकाणाप्रमाणे बदलतं: कुठे पहिल्या विमानाच्या सुटण्यापर्यंत, कुठे पोहोचेपर्यंत. काही देश तासांऐवजी दिवस मोजतात आणि ते सोपं जातं, कारण दिवसातल्या कोणत्याही वेळी केलेली चाचणी चालते.

विमान रविवारी पहाटे २ ला सुटणार असेल तर ७२ तासांची खिडकी गुरुवारी पहाटे २ ला उघडते. गुरुवारी सकाळी १० ला स्वॅब दिला तर चाचणी रविवारी सकाळी १० पर्यंत चालेल, म्हणजे विमान ८ तास लांबलं तरी निभावेल. गुरुवारी संध्याकाळी ६ ला दिला तर १६ तासांची सवड मिळते, पण रिपोर्ट शनिवारी दुपारपर्यंत हातात यायलाच हवा. प्रयोगशाळा २४ तासांत खात्रीने रिपोर्ट देत असेल तर संध्याकाळची वेळ चांगली. खात्री नसेल तर सकाळची घ्या आणि शुक्रवारी दुसऱ्या प्रयोगशाळेत पर्यायी वेळ बुक करून ठेवा.

रिपोर्ट आला की तिथल्या तिथे तपासा: नावाचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे आहे का, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, स्वॅब घेतल्याची तारीख आणि वेळ, चाचणीचा प्रकार. मुलांच्या रिपोर्टवर अनेकदा पालकाचीच जन्मतारीख पडते, कारण फॉर्म एकाच मोबाइल क्रमांकावर भरलेले असतात. विमानतळावर ही चूक दुरुस्त होत नाही.

घरात नुकतंच कोणी आजारी पडून बरं झालं असेल तर सावध राहा. कोविडमध्ये बरं झाल्यावरही आरटी-पीसीआर कित्येक आठवडे, काहींची तीन महिन्यांपर्यंत पॉझिटिव्ह येत राहते. अशा वेळी बरं झाल्याचं प्रमाणपत्र चालतं का ते पाहा. युरोपीय संघात ते पहिल्या पॉझिटिव्ह चाचणीनंतरच्या ११व्या दिवसापासून १८० दिवसांपर्यंत ग्राह्य धरत असत.

पाचवी पायरी: मुलांचे नियम वेगळे असतात

लसवंत मोठ्यांना क्वारंटाईन माफ आणि लस न झालेल्या मुलांना सक्तीचं, अशी स्थिती सहज उद्भवते. कागदावर आईवडील मोकळे असतात, प्रत्यक्षात मुलासोबत एकाला घरी राहावंच लागतं. कोण राहणार आणि त्याची कामावरची रजा किती, हे तिकीट काढतानाच ठरवा.

वयाची सूट प्रवासाच्या दिवशीच्या वयावर असते. जाताना मूल सूट असलेल्या वयात असेल आणि सहलीतच त्याचा वाढदिवस येत असेल, तर परतीच्या विमानासाठी त्याला चाचणी लागू शकते. प्रत्येक मुलाच्या रकान्यात जन्मतारीख आणि परतीच्या दिवशीचं वय दोन्ही लिहा.

लसीचा हिशेबही मागे मोजत करा. दोन डोसांत २१ दिवसांचं अंतर आणि शेवटच्या डोसानंतर १४ दिवस अशी अट असेल, तर पहिला डोस निघण्याच्या किमान ३५ दिवस आधी व्हायला हवा.

सहावी पायरी: शाळेशी आधीच बोला

तिकीट काढण्याआधी वर्गशिक्षकांना भेटा किंवा लिहा. पाच गोष्टी विचारा. परतल्यावर शाळा किती दिवस घरी राहायला सांगते? त्या दिवसांची नोंद हजेरीपटात कशी होते? ऑनलाइन तासाला बसलं तर हजेरी मिळते का? त्या काळात परीक्षा किंवा तोंडी, प्रात्यक्षिक परीक्षा आहे का, आणि हुकल्यास पुन्हा घेतात का? वर्गात परतताना कोणता कागद लागतो?

दुसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आजारामुळे गैरहजर, परवानगीने गैरहजर, विनापरवानगी गैरहजर आणि सरकारी नियमामुळे घरी, या नोंदी एकसारख्या नसतात. आजारात शाळा सहसा सवलत देते. आपणहून केलेल्या प्रवासामुळे आलेल्या क्वारंटाईनला देईलच असं नाही. किमान हजेरीची अट असेल तर आकडा काढा: २०० दिवसांच्या वर्षाला ७५ टक्के म्हणजे ५० दिवसांची मुभा. त्यातले ३० आधीच गेले असतील तर १० दिवसांचं क्वारंटाईन निभेल, पण त्यानंतर वर्षभरात आणखी दहाच दिवस आजारपणाला उरतील.

अर्ज थोडक्यात आणि नेमका असावा. असा:

'इयत्ता पाचवीत शिकणारा माझा मुलगा ३ तारखेला परदेशातून परतणार आहे. नियमानुसार तो १० तारखेपर्यंत क्वारंटाईनमध्ये राहील. प्रवास लांबल्यास १४ ते १६ तारखेदरम्यान तो शाळेत येऊ शकणार नाही. या दिवसांची नोंद कशी होईल आणि अभ्यास कसा मिळेल ते कृपया कळवावे. चाचणीचा रिपोर्ट शाळेत येण्याआधी पाठवू.'

तारखा, कारण आणि विनंती एवढंच. सहलीचं वर्णन नको आणि खोटं आजारपण तर अजिबात नको. पुढे वर्गात संसर्ग निघाला तर कोण कधी कुठून आलं यावरूनच संपर्काचा माग काढतात. एका पालकाने तारीख लपवली की पूर्ण वर्गाची यादी चुकते.

कोणी पॉझिटिव्ह निघालं तर

सगळा हिशेब इथे मोडतो. समजा आयसोलेशन १० दिवसांचं आणि संपर्कातल्यांचं क्वारंटाईन १४ दिवसांचं आहे. धाकट्या मुलाला बाधा झाली. त्याचे १० दिवस संपले की तो मोकळा. मात्र त्याच्याजवळ राहून काळजी घेणाऱ्या आईचे १४ दिवस त्याचं आयसोलेशन संपल्यावर सुरू होतात, कारण तोपर्यंत तिचा संपर्क रोजचा असतो. म्हणजे एकूण २४ दिवस. कोविडच्या पहिल्या वर्षी अधिकृत मार्गदर्शनात हाच हिशेब होता. या २४ दिवसांत मोठ्या मुलीला लक्षणं आली तर तिचं १० दिवसांचं आयसोलेशन नव्याने सुरू होतं आणि आईची मुदत आणखी पुढे जाते. घरात एकामागून एक आजारी पडत गेले की महिना सहज जातो.

यावर एकच खरा उपाय आहे: पहिलं लक्षण दिसताच माणसं वेगळी करणं. आजारी मुलासोबत एकच मोठं माणूस, वेगळ्या खोलीत, शक्य असेल तर वेगळं न्हाणीघर. बाकीचे त्या दिवसापासून पूर्ण वेगळे राहिले तर त्यांची मुदत शेवटच्या संपर्कापासून मोजतात आणि ते दहा दिवस आधी सुटतात. म्हणून मुक्कामासाठी एक मोठी खोली घेण्यापेक्षा शेजारशेजारच्या दोन लहान खोल्या बऱ्या.

सोबत काय असावं: रोजची औषधं ठरल्या मुक्कामापेक्षा किमान तीन आठवडे जास्त पुरतील इतकी, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. तापाचं औषध मुलाच्या वजनाप्रमाणे. थर्मामीटर. सर्व कागदांच्या छापील प्रती, कारण मोबाइलची बॅटरी रांगेतच संपते. अडकून पडल्यास पंधरा दिवसांचा राहण्याखाण्याचा खर्च भागेल एवढी रक्कम वेगळी काढलेली असावी. एवढी रक्कम बाजूला काढता येत नसेल तर तो प्रवास पुढे ढकलावा.

क्वारंटाईनमधला अभ्यास

हॉटेल असेल तर खोली घेण्याआधी विचारा: खिडकी उघडते का, वाय-फाय दोन उपकरणांवर व्हिडिओ चालेल इतकं आहे का, कपडे धुण्याची सोय आहे का. पुढच्या दोन धड्यांची पुस्तकं आणि वह्या हातातल्या बॅगेत ठेवा. वेळेतला फरक आधीच मोजा. शाळा सकाळी ८ ला भरत असेल आणि तुम्ही साडेचार तास मागे असाल, तर तुमच्याकडे पहाटेचे साडेतीन वाजलेले असतात. अशा तासाला मुलाला उठवण्यात अर्थ नाही. शिक्षकांकडून त्या आठवड्याचा अभ्यास मागून घ्या आणि दिवसा दोन तास नेमाने करून घ्या.

परतल्यावर

मुदत संपली तरी वर्गात पाठवण्याआधी दोन गोष्टी पाहा: मूल तापाचं औषध न देता २४ तास तापमुक्त आहे का, आणि शाळेने मागितलेला कागद शाळेपर्यंत पोहोचलाय का. कागद मुलाच्या दप्तरात देऊ नका. आदल्या दिवशी ईमेल करा आणि पोच मागा, नाहीतर मूल फाटकावरून परत येतं आणि आणखी एक दिवस जातो.

महिना संपायच्या आत हजेरीपटातली नोंद पाहून घ्या. क्वारंटाईनचे दिवस पुष्कळदा चुकून विनापरवानगी गैरहजेरीत पडतात. चालू महिन्यात वर्गशिक्षक ते सहज बदलून देतात. सत्र बंद झाल्यावर त्यासाठी मुख्याध्यापकांकडे वेगळा अर्ज, प्रवासाचे कागद आणि चाचणीचे रिपोर्ट पुन्हा जोडावे लागतात, म्हणून बोर्डिंग पाससह सगळं वर्षअखेरपर्यंत जपून ठेवा.